आधी बंद करायला शिका!

सदर : पाना-पक्कड



मागच्या महिन्यात पोस्टानं एक पाकीट आलं. आत वहीचं फाडलेलं पान. पानाला पेट्रोलचा पुसटसा वास, अक्षर मात्र मोत्यासारखं! पत्र लिहिलं होतं जळगाव जामोद तालुक्यातल्या आठवीतल्या एका मुलीनं.

"जळगाव जामोद म्हणजे ते केळ्यांचं जळगाव ना?" असं शहरातली मंडळी हमखास विचारतात. नाही हो! ते जळगाव खानदेशातलं. हे आपलं वऱ्हाडातलं, बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाचं. शेजारच्या जामोद गावाचं नाव जोडलं की घोटाळा मिटतो. उत्तरेला सातपुड्याचे डोंगर, खाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन. आगगाडी पकडायची तर नांदुऱ्याला जायचं. अक्षय तृतीयेला ज्या घटमांडणीची बातमी पेपरात येते, ते भेंडवळ याच तालुक्यातलं. माझं आजोळही तिथलंच. त्यामुळे पाकीट मी जरा घाईनंच फोडलं.

तिनं लिहिलं होतं :

"काका, आमची कपाशी, तूर आणि सोयाबीन आहे. बाबांनी दोन वर्षांपूर्वी पाठीवरचा, पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप घेतला. यंदा पहिल्या फवारणीला तो सुरूच होईना. दोरी ओढून ओढून दादाचा खांदा दुखला. दादा मोटारसायकलच्या टाकीतून पेट्रोल काढताना नळी तोंडात धरून ओढतो, तेव्हा मला फार भीती वाटते. बाबा म्हणतात, पोरींनी इंजिनाला हात लावायचा नाही. पण मला इंजिन शिकायचं आहे. कुठून सुरू करू?"

पोरी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. इंजिन बंद करण्यापासून सुरू कर!

हसलात ना? मीही हसलो होतो. मी तेव्हा सातवीत होतो. नांदुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला मामाचं गॅरेज होतं. गॅरेज कसलं, पत्र्याची टपरीच. लग्नाच्या सीझनमध्ये मामा दोन जनरेटर भाड्यानं द्यायचा. मला वाटे, ती दोरी खस्सकन ओढावी आणि इंजिन भर्रकन सुरू व्हावं. पण मामा काही दोरीला हात लावू देईना. म्हणायचा, "पयले बंद कराले शीक, मंग चालू कराले."

"काहून?" मी तोंड फुगवून विचारलं.

"इंजिन म्हंजे बैल नोय, पोरा. बैलाले हो म्हटलं का थांबते. याले कान नसते."

मग त्यानं मला लाल बटण दाखवलं. पेट्रोलचा कॉक दाखवला. डोळे मिटून दोन्ही ठिकाणी हात नेता येईपर्यंत सराव करून घेतला. एक आठवडाभर मी बंद इंजिन बंद करत होतो! तेव्हा ते मला वेडेपणाचं वाटलं. ते वेडेपणाचं नव्हतं, हे कळलं त्याच वर्षीच्या जूनमध्ये.

एका नातेवाइकांकडे लग्न होतं. वीज गेलेली. जनरेटर अंगणात, आम्ही पोरं ओसरीला लागून असलेल्या खोलीत झोपलेलो. रात्री मृगाचा पाऊस आला. जनरेटर भिजू नये म्हणून मामानं दोघांना हाताशी घेतलं आणि तो चालू जनरेटर उचलून ओसरीत आणून ठेवला. पावसाची झड आत येत होती, म्हणून ओसरीचं दार लोटून घेतलं. दिवे चालू राहिले. सगळे खूश.

पहाटे मला जाग आली ती डोकं फुटतंय असं वाटून. उठलो तर पाय लटपटले. शेजारी मावसभाऊ होता. त्याला हलवलं, तो उठेना. पुन्हा हलवलं, तरी उठेना. मी कसाबसा ओसरीत गेलो आणि काय केलं असेल? डोळ्यांपुढं अंधारी येत होती, पण हाताला जागा पाठ होती. लाल बटण दाबलं. इंजिन थांबलं. घर एकदम शांत झालं आणि त्या शांततेनंच मोठी माणसं जागी झाली. दारं-खिडक्या उघडल्या, सगळ्यांना अंगणात आणलं, मावसभावाला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो बोलायला लागला. वाचला!

ज्याला इंजिनातला स्क्रू न् स्क्रू माहीत होता, त्या माझ्या मामाच्याच हातून हे झालं होतं. तो चार दिवस कुणाशी धड बोलला नाही. पाचव्या दिवशी त्यानं पांढरा ऑइलपेंट आणला आणि दोन्ही जनरेटरांच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "घरात नेऊ नये".

त्या रात्री नक्की काय झालं होतं? ते समजायचं तर आधी इंजिनाच्या पोटात डोकवावं लागेल.

इंजिनाच्या पोटात

सायकलचा पंप आठवा. नळीत एक दट्ट्या खालीवर होतो. छोट्या पेट्रोल इंजिनातही तेच. नळी म्हणजे सिलिंडर, दट्ट्या म्हणजे पिस्टन. फरक एवढाच की पंपात दट्ट्या आपण हलवतो, इंजिनात तो पेट्रोलच्या भडक्यानं हलतो. चार टप्पे असतात :

ओढ : पिस्टन खाली जातो, हवा आणि पेट्रोलचे बारीक थेंब आत ओढले जातात.
दाब : पिस्टन वर येतो, ते मिश्रण दाबलं जातं.
भडका : स्पार्क प्लग ठिणगी टाकतो, मिश्रण पेटतं, पिस्टन जोरात खाली ढकलला जातो.
बाहेर : पिस्टन पुन्हा वर येतो, जळालेला धूर सायलेन्सरमधून बाहेर.

हे फोर स्ट्रोक इंजिन. जर्मनीच्या निकोलाउस ओटो यांनी १८७६ साली असं इंजिन चालवून दाखवलं. चार टप्प्यांत इंजिनाचा दांडा दोन फेरे मारतो. आपल्याकडचा छोटा जनरेटर साधारणपणे मिनिटाला ३००० फेरे फिरतो. मग भडके किती? मिनिटाला १५००, म्हणजे सेकंदाला २५! तुम्ही "एक" म्हणेपर्यंत पंचवीस भडके. आपल्याला ते सुटे ऐकू येत नाहीत, नुसता भर्रर्र असा आवाज येतो.

शेतातलं धक् धक् करणारं डिझेल इंजिन याचंच थोरलं भावंड. त्याला स्पार्क प्लग नसतो. त्यात हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि डिझेल आपोआप पेटतं. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली स्थापन झाली, ती या डिझेल इंजिनांसाठी. गंमत बघा, त्याच १९४६ साली जपानमध्ये सोइचिरो होंडा नावाच्या माणसाला युद्धानंतर पडून राहिलेली छोटी इंजिनं मिळाली. सैन्याच्या वायरलेस यंत्राला वीज पुरवणाऱ्या जनरेटरची ती इंजिनं. त्यानं ती सायकलींना बसवली आणि विकली. आज जगभर धावणाऱ्या होंडा मोटारसायकलींची सुरुवात ही अशी एका छोट्या जनरेटरपासून झाली.

आता त्या रात्रीकडे येऊ. पेट्रोल पुरतं जळलं तर पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पण सेकंदाला पंचवीस भडक्यांच्या घाईत ते पुरतं कुठलं जळायला! अर्धवट जळल्यानं कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना चुरचुरही नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन फुप्फुसातून ऑक्सिजन उचलून शरीरभर पोचवतं. पण कार्बन मोनॉक्साइड समोर आला, की हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून बसतं. मग ऑक्सिजनला बसायला जागाच नाही. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. जागा माणूस निदान बाहेर पळेल. झोपलेल्याला हे कळतच नाही.

म्हणून पहिला नियम अगदी पाठ करा. इंजिन घरात नाही, ओसरीत नाही, गोठ्यात नाही, बंद दुकानात नाही. खिडकी उघडी ठेवली तरी नाही. दारं-खिडक्यांपासून निदान २० फूट दूर, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. पावसाचं काय? जनरेटर भिजवायचाही नाही, ओल्या हातानं त्याला शिवायचंही नाही. म्हणून चार खांब रोवून वर पत्रा टाका, चारही बाजू मोकळ्या ठेवा. मामानं दुसऱ्या वर्षी तेच केलं. आणि आडोसा नसेल तर सरळ इंजिन बंद करा, कंदील लावा. लग्न कंदिलातही लागतं!

सुरू करण्याआधी पाच गोष्टी

दोरीला हात घालण्याआधी मामा बोटं मोजायचा. तुम्हीही मोजा.

एक, जागा. जमीन सपाट, आसपास कडबा, पऱ्हाट्या, सुकं गवत नको.

दोन, ऑइल. फोर स्ट्रोक इंजिनाला वेगळं ऑइल लागतं. इंजिन थंड आणि सपाट जागी असताना ऑइलची कांडी काढून पुसा, पुन्हा घालून बघा. खुणेच्या खाली असेल तर इंजिन सुरूच करायचं नाही. ऑइलशिवाय पिस्टन सिलिंडरला घासतो, तापतो आणि जागीच धरतो. गॅरेजच्या भाषेत इंजिन "सीज" झालं. मग दुरुस्तीचा खर्च ऐकून बाबा सीज होतात!

तीन, पेट्रोल. टू स्ट्रोक इंजिनात ऑइल वेगळं नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळतात. पाठीवरचे कितीतरी पंप टू स्ट्रोक असतात. ओळखायचं कसं? इंजिनाला ऑइल घालायचं वेगळं झाकण नसेल, तर बहुधा टू स्ट्रोक. पण अंदाजावर जाऊ नका, सोबतची पुस्तिका बघा. मिश्रणाचं प्रमाणही तिथंच असतं. २५ला १ म्हटलं, तर एक लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर टू-टी ऑइल. ५०ला १ म्हटलं, तर २० मिलिलिटर. "थोडंसं टाक" हे माप नव्हे!

चार, हवेची गाळणी, म्हणजे एअर फिल्टर. ती जागेवर आणि स्वच्छ हवी.

पाच, स्क्रू, नळ्या आणि जाळ्या. काही सैल आहे का? पेट्रोलची नळी तडकली आहे का? फिरत्या भागावरची जाळी कुणी काढून तर ठेवली नाही ना?

पाचही झाल्या? आता बंद करायचं बटण दाखवा. दाखवता आलं, तर पुढं.

दोरी ओढताना

हे काम मोठ्या माणसाचं. तुम्ही शेजारी उभं राहून बघायचं आणि क्रम वहीत लिहायचा. पेट्रोलचा कॉक उघडा. इंजिन थंड असेल तर चोक लावा. चोक म्हणजे हवेचा दरवाजा अर्धवट बंद करणं. थंड इंजिनाला सुरुवातीला पेट्रोल जरा जास्त लागतं, म्हणून. बटण चालूवर. मग दोरी आधी हळूच ओढायची. एका जागी ती अडल्यासारखी वाटते. तिथून मग एकदम जोरात. दोरी हाताला कधीही गुंडाळायची नाही. इंजिन कधी कधी उलटा झटका मारतं, आणि मग मनगटच जायचं! ओढून झाल्यावर दोरी सटकन सोडू नका, हातानं आत जाऊ द्या. इंजिन लागलं की चोक हळूहळू काढा. दोन-तीन मिनिटं नुसतं चालू द्या, मग काम द्या.

बंद करताना उलटा क्रम. आधी काम काढून घ्या, म्हणजे जनरेटरवरचे दिवे, पंखे बंद करा. वेग कमी करा. मिनिट-दोन मिनिटं हळू चालू द्या. मग बटण, मग कॉक. घाईच्या वेळी मात्र कसला क्रम नि काय! सरळ लाल बटण!

ओढणी, शेला, गळ्यातली दोरी, मोकळे केस हे सगळं इंजिनापासून लांब. फिरता पट्टा ओढणीला "सॉरी" म्हणत नाही. केस बांधा, ओढणी काढून खुंटीला लावा. आणि इंजिन बंद केल्यावर सायलेन्सर दिसायला गारच दिसतो. हात लावून बघू नका, बराच वेळ तो तव्यासारखा तापलेला असतो.

सुरूच होत नाही!

आता आपल्या पत्रलेखिकेचा पंप. इंजिनाला तीनच गोष्टी लागतात : हवा, पेट्रोल आणि ठिणगी. सुरू होत नसेल तर यातलं काहीतरी कमी आहे. दोरीवर राग काढून उपयोग नाही.

माझा अंदाज सांगू? गेल्या वर्षीची शेवटची फवारणी झाली. पंप तसाच, टाकीत उरलेल्या पेट्रोलसकट, कोठीत गेला. होय की नाही? पेट्रोल काही मधासारखं टिकत नाही. एक-दोन महिन्यांत त्यातला पटकन पेटणारा भाग उडून जातो आणि मागं चिकट राळ उरते. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे पडून राहिलेल्या पेट्रोलचा त्रास आणखी वाढतो. कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भोक सुईच्या टोकाएवढं बारीक. राळेचा एक कण अडकला की संपलं!

उपाय? जुनं पेट्रोल मोठ्या माणसानं उघड्यावर काढून टाकायचं, मेस्त्रीकडून कार्बोरेटर साफ करून घ्यायचा, ताजं पेट्रोल घालायचं. आणि यंदाचा हंगाम संपला की टाकी रिकामी करून, इंजिन पेट्रोल संपून आपोआप थांबेपर्यंत चालवायचं. एवढं केलं तर पुढच्या वर्षी दादाचा खांदा वाचेल.

हवेचं बघू. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक. फिल्टर तिनं बुजला, की इंजिनाचा जीव गुदमरतो, काळा धूर येतो, पेट्रोल जास्त जळतं. स्पंजाचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा, पूर्ण वाळवा. पेट्रोलनं धुवायचा नाही. कागदाचा असेल तर हलक्या हातानं झटका, फाटला असेल तर बदला. फिल्टर काढून इंजिन चालवायचं तर मुळीच नाही. ती धूळ आत जाऊन सिलिंडरला सँडपेपरसारखी घासते.

राहिली ठिणगी. इंजिन थंड झाल्यावर मोठ्या माणसाकडून प्लग काढून घ्या आणि डॉक्टर जीभ बघतात तसं त्याचं टोक बघा. फिकट तपकिरी असेल तर तब्येत ठणठणीत. काळी कोरडी काजळी असेल तर हवा कमी किंवा पेट्रोल जास्त. ओलाचिंब असेल तर दोरी ओढून ओढून पेट्रोल ओव्हर झालंय. पुसून, वाळवून बसवायचा. टोकातली फट बहुतेक छोट्या इंजिनांत ०.७ मिलिमीटरच्या आसपास असते, साधारण एटीएम कार्डाच्या जाडीएवढी. नेमका आकडा पुस्तिकेत बघा. एक लक्षात ठेवा, चालू इंजिनाच्या प्लगला कधी शिवू नये. त्या वायरीत हजारो व्होल्ट असतात. आणि इंजिनाला कुठंही पाना लावण्याआधी प्लगची टोपी काढून बाजूला ठेवायची, म्हणजे ते चुकून सुरू व्हायचं नाही.

फोर स्ट्रोक इंजिनाचं ऑइलही वेळेवर बदलायचं. नवीन इंजिनाचं पहिलं ऑइल साधारण २० तासांनी, नंतर पुस्तिकेत लिहिलं असेल तसं, बहुधा ५० ते १०० तासांनी. काढलेलं काळं ऑइल नाल्यात, विहिरीजवळ, बांधावर ओतू नका. डबीत भरून गॅरेजवाल्याला द्या. हाताला लागलं तर साबणानं धुवा.

पेट्रोलशी मस्करी नाही

आता दादासाठी दोन शब्द. दादा, तोंडानं पेट्रोल ओढू नकोस. पोटात गेलं तर वाईटच, पण ठसका लागून फुप्फुसात गेलं तर ते जिवावर बेततं. हातानं दाबायच्या रबरी फुग्याची नळी थोडक्या पैशांत मिळते. तीच वापर. कुणी चुकून पेट्रोल किंवा रॉकेल प्यायलंच, तर उलटी करायला लावायची नाही. उलटीबरोबर ते फुप्फुसात जातं. ताबडतोब दवाखाना! पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत पेट्रोल ठेवायचं नाही, ते याचसाठी. घरातल्या लहान भावंडाला रंग दिसतो, वास कळेपर्यंत घोट गेलेला असतो.

पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. उणे ४० अंशांच्या थंडीतसुद्धा पेटण्याइतकी वाफ त्यातून निघते. मग आपल्या मे महिन्यात काय होत असेल! ही वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवरून सरपटत जाते. इथं पेट्रोल सांडलं, तर दहा पावलांवरच्या चुलीपर्यंत, समईपर्यंत, कुणाच्या बिडीपर्यंत ती पोचते. म्हणून इंजिन बंद करून, निदान १५ मिनिटं थंड होऊ देऊन, दिवसाउजेडी, मोकळ्यावरच पेट्रोल भरायचं. टाकी गळ्यापर्यंत भरायची नाही. सांडलं तर पुसून, वाळू देऊन, थोडं लांब नेऊन मगच सुरू करायचं.

आणि पेटलंच तर? पाणी ओतायचं नाही. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते पाण्यावर तरंगत तरंगत आग पसरवतं. माती नाहीतर वाळू टाकायची. लहान मुलांनी मात्र आधी लांब पळायचं आणि मोठ्यांना हाक मारायची. भाजलं तर २० मिनिटं साधं वाहतं पाणी. हळद नाही, टूथपेस्ट नाही, शाई तर नाहीच नाही. आणि १०८ला फोन.

जनरेटरबद्दल आणखी एक. काही जण दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून जनरेटरची वीज घरातल्या सॉकेटमध्येच घालतात. ही वीज मीटरमधून उलटी तारांवर जाते. गावाच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ती उलटी चढून ११,००० व्होल्टची होऊ शकते. लाइन बंद आहे म्हणून वायरमन खांबावर चढलेला असतो, आणि त्याचा घात होतो. त्याच्याही घरी तुमच्याएवढी मुलं आहेत. जनरेटर घराला जोडायचा तर इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यायचा, नाहीतर दिवा सरळ जनरेटरलाच लावायचा.

आणि फवारणी पंपाचं इंजिन मुलांनी पाठीवर घ्यायचंच नाही. त्यात पेट्रोलपेक्षाही भयंकर वस्तू असते, औषध! इंजिनाच्या जोरानं त्याचे बारीक तुषार लांबवर उडतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जवळपास वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. फवारणी चालू असताना मुलांनी शेतात थांबू नये. आई-बाबांनीही हातमोजे, मास्क, चष्मा घालावा, वाऱ्याच्या उलट फवारू नये आणि हात-तोंड धुतल्याशिवाय भाकरी खाऊ नये.

तुमचं काम

"मग काका, आम्ही करायचं तरी काय?" असं म्हणू नका. सगळ्यात महत्त्वाचं काम तुमचंच आहे. एक वही करा. वर लिहा, "आमच्या इंजिनाची वही". पहिल्या पानावर बंद करायच्या बटणाचं आणि कॉकचं चित्र काढा. दुसऱ्या पानावर पाच गोष्टी. पुढं रोज तारीख, किती वेळ चाललं, पेट्रोल किती घातलं, ऑइल कधी बदललं, फिल्टर कधी धुतला. इंजिन बिघडलं आणि मेस्त्री आले, की ही वही त्यांच्यापुढं धरा. निम्मं दुखणं त्यांना वहीतच सापडेल.

आणि बाबा, तुमच्यासाठीही दोन ओळी. तुमची काळजी मला समजते. पण तुमच्या घरात पेट्रोल ओढताना ज्या व्यक्तीला भीती वाटली, ती हीच मुलगी आहे. धोका कुठं आहे हे जिला दिसतं, तिला निम्मं इंजिन आधीच कळलंय. उरलेलं निम्मं तिला शेजारी उभं करून शिकवा. फार नको, रविवारी अर्धा तास. सुरुवात लाल बटणापासून.

माझा मामा आता थकला आहे. टपरीच्या जागी पक्कं दुकान झालं, ते मावसभाऊ बघतो. होय, तोच, त्या रात्री न उठणारा! गेल्या दिवाळीत गेलो, तर तो एका नव्या पोराला बंद जनरेटरसमोर डोळे मिटून उभं करत होता.

"हं, बटन कुठी हाय?"

पोरानं अचूक बोट ठेवलं. मागं खुर्चीत बसलेला मामा काही बोलला नाही, नुसता गालातल्या गालात हसला.

आता तुमच्यासाठी कोडं. पंपाच्या पुस्तिकेत प्रमाण दिलंय २५ला १. घरात पेट्रोल आहे साडेतीन लिटर. टू-टी ऑइल किती मिलिलिटर लागेल? उत्तर पोस्टकार्डावर पाठवा. सोबत तुमच्या घरातल्या एका यंत्राचं नाव आणि ते बंद करायची जागा लिहायला विसरू नका!

तुमचा,
पाना-पक्कडवाला काका